गुठळी नसलेली नळी

रक्तपेढीत प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. खानापूरहून पहाटेच्या बसने मी बेळगावला येत असे आणि पहिल्या फेरीच्या क्रॉसमॅचच्या, म्हणजे रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळते का ते पाहण्याच्या, नळ्या मांडणे हे माझ्याकडे सोपवलेले काम होते. रुग्णाच्या सीरमचे, म्हणजे रक्त साकळल्यावर वर उरणाऱ्या द्रावाचे, दोन थेंब, दात्याच्या तांबड्या पेशींच्या पातळ द्रावणाचा एक थेंब, ३७ अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास, मग सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवणे, आणि शेवटी नळी हलकेच टिचकी मारून तळाच्या पेशी सुट्या होतात की पुंजक्याने वर येतात ते पाहणे, एवढाच तो क्रम होता. त्या दिवशी एका नळीत मला पुंजका दिसला नाही, म्हणून मी वहीत ‘जुळते’ असे लिहिले. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी ती नळी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली आणि विचारले, “तळाची टिकली कुठे गेली?”

फिरवलेल्या नळीच्या तळाशी तांबड्या पेशींचा जो छोटासा गोल थर बसतो, त्याला त्या टिकली म्हणत. माझ्या नळीत टिकली नव्हती आणि वरचा द्राव, जो फिकट पिवळा असायला हवा होता, तो स्वच्छ, पारदर्शक लाल झाला होता. पुंजका झाला नव्हता, कारण पुंजका व्हायला पेशीच उरल्या नव्हत्या; सगळ्या फुटून त्यांच्यातले हिमोग्लोबिन बाहेर आले होते. बाईंनी मुद्दाम ओ गटाचे ताजे, तीव्र सीरम आणि ए गटाच्या पेशी माझ्यासमोर ठेवल्या होत्या. दर नव्या मुलीची त्या अशी परीक्षा घेत असत आणि बहुतेक मुली तिच्यात नापास होत, हे मला नंतर कळले.

एकतीस वर्षे ते काम करून मी निवृत्त झाले. या काळात रक्तदान शिबिरांत, शाळांमधल्या व्याख्यानांत आणि नातेवाइकांच्या गप्पांत एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे: चुकीच्या गटाचे रक्त चढवले तर अंगात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि माणूस दगावतो. हे वाक्य खोटे नाही, पण ते निम्मेच आहे, आणि त्यातली महत्त्वाची निम्मी बाजू गळून गेलेली आहे. यात थोडा दोष आपल्या भाषेचाही असावा. जखमेवर रक्त साकळून होते तीही गुठळी आणि काचपट्टीवर पेशी एकमेकींना चिकटून होतो त्या पुंजक्यालाही आपण गुठळीच म्हणतो. पहिल्या क्रियेत रक्तद्रवातील फायब्रिनचे धागे विणले जातात. दुसरीत धागा कुठलाच नसतो, केवळ प्रतिपिंडांनी, म्हणजे परक्या गोष्टींना पकडणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांनी, शेजारच्या पेशी एकत्र धरून ठेवलेल्या असतात. पण विजोड रक्त चढवल्यावर रुग्णाचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः या पुंजक्यांमुळे नव्हे, तर त्या पेशी रक्तवाहिनीतच, वाहत्या रक्तात, फुटत असल्यामुळे. माझ्या नळीत झाले होते तेच रुग्णाच्या शरीरात होते.

हे घडवणारी प्रतिपिंडे आयजीएम प्रकारची असतात. या रेणूची रचना पाच इंग्रजी वाय अक्षरे मध्यभागी जोडून ठेवावीत तशी असते, म्हणजे पकडायला एकूण दहा हात. तो पेशीच्या पृष्ठभागावरील साखरेच्या साखळ्यांना अनेक हातांनी धरतो तेव्हा खेकड्यासारखा वाकून बसतो आणि त्या वाकण्यामुळेच त्याच्या मधल्या भागावर रक्तातील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांपैकी पहिले प्रथिन येऊन बसू शकते. असा एकच आयजीएम रेणू पेशीवर नीट बसला तरी पुढची साखळी सुरू होऊ शकते. आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांचे किमान दोन रेणू अगदी शेजारी शेजारी बसावे लागतात. त्यातच, प्रौढ ए गटाच्या एका तांबड्या पेशीवर ए प्रतिजनाच्या, म्हणजे प्रतिपिंड जिला धरते त्या खुणेच्या, सुमारे दहा लाख जागा असतात, तर रक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ठरवणाऱ्या आरएच डी प्रतिजनाच्या साधारण दहा ते तीस हजार. इतक्या दाट पृष्ठभागावर प्रतिपिंडाला बसायला जागा शोधावी लागत नाही.

पुढची साखळी मी विद्यार्थ्यांना नेहमी सावकाश सांगत असे, कारण तिच्यात एकामागून एक प्रथिन कापले जाऊन पुढच्याला जागे करते आणि प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाते. शेवटच्या पाच प्रथिनांचे तुकडे एकत्र येऊन पेशीच्या आवरणात एक आरपार नळकांडे बसवतात. या भोकातून क्षार आत शिरतात, त्यांच्यामागून पाणी शिरते, पेशी फुगते आणि फुटते. शरीरात साधारण १२० दिवस जगू शकणारी पेशी अशा रीतीने काही मिनिटांत संपते. वाटेत सुटलेले प्रथिनांचे छोटे तुकडे रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब कोसळतो, थंडी भरून ताप येतो, कमरेत आणि सुई टोचलेल्या हातात कळा येतात. मोकळे झालेले हिमोग्लोबिन पकडण्यासाठी रक्तात हॅप्टोग्लोबिन असते खरे, पण त्याची क्षमता दर डेसिलिटर रक्तद्रवामागे १०० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि पेशींच्या एका पिशवीतच पन्नास ग्रॅमच्या पुढे हिमोग्लोबिन असते. उरलेले मूत्रपिंडात उतरते आणि लघवीला कोकमाच्या आगळासारखा रंग येतो. हे मोकळे हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइडही शोषून घेते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात. याच गोंधळात रक्त साकळण्याची यंत्रणा सर्वत्र एकदम जागी होते, साकळण्याची द्रव्ये संपून जातात, आणि मग जखमेतून रक्त थांबेनासे होते. म्हणजे गुठळी येते ती येथे, परिणामांच्या रांगेत खूप मागे.

भूल दिलेल्या रुग्णाला कमरेतली कळ सांगता येत नाही. तेथे उतरलेला रक्तदाब, टाक्यांमधून झिरपणारे रक्त आणि लघवीच्या पिशवीचा बदललेला रंग एवढ्याच खुणा उरतात. पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने रुग्णाजवळून हलू नये, हा नियम त्यासाठीच आहे. पन्नास मिलिलिटरच्या आत-बाहेर एवढे विजोड रक्तसुद्धा जिवावर बेतू शकते. उलट काही रुग्णांना चुकीची पिशवी जाऊनही फारसे काही होत नाही, कारण प्रत्येकाच्या प्रतिपिंडांची तीव्रता वेगळी असते. अशा सुटकेचे किस्से रंगवून सांगणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची भीती वाटते.

हा मूळ शोध कार्ल लँडस्टाइनर यांचा. व्हिएन्नामध्ये त्यांनी स्वतःचे आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचे रक्त घेऊन, एकाचे सीरम आणि दुसऱ्याच्या पेशी अशा जोड्या लावल्या, आणि १९०१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्या निबंधाच्या शीर्षकातच ‘निरोगी मानवी रक्त’ असा उल्लेख आहे, आणि माझ्या मते सगळा शोध त्या ‘निरोगी’ शब्दात आहे. एका माणसाच्या सीरममध्ये दुसऱ्याच्या पेशी चिकटतात हे आजाराचे लक्षण असावे, असे तोवर समजले जात होते. लँडस्टाइनर यांनी दाखवले की धडधाकट माणसाच्या अंगातही ही प्रतिपिंडे असतात आणि ती ठरावीक नियमाने असतात: आपल्या पेशीवर जे प्रतिजन नाही, नेमके त्याच्याविरुद्ध. ए गटाच्या माणसात अँटी-बी, बी गटाच्या माणसात अँटी-ए, ओ गटात दोन्ही. चौथा, एबी गट पुढच्याच वर्षी डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांना सापडला. त्यात दोन्हींपैकी एकही प्रतिपिंड नसते. लँडस्टाइनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पाहिले ते पुंजक्यांच्या रूपात पाहिले, म्हणून आमचे सगळे शास्त्र पुंजक्यांभोवती उभे राहिले, आणि लाल झालेला द्राव हा पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरता उरला.

आता तर तो नळीतही फारसा दिसत नाही. हल्ली रुग्णाचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत येते. तिच्यातले ईडीटीए हे रसायन कॅल्शियम बांधून ठेवते आणि कॅल्शियमशिवाय कॉम्प्लिमेंटची साखळी सुरूच होत नाही, त्यामुळे पेशी फुटत नाहीत, केवळ चिकटतात. तपासणीच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे. पण परीक्षा पास होऊन आलेल्या मुलामुलींनी पेशी फुटलेली नळी एकदाही पाहिलेली नसते, आणि चिकटलेल्या पेशींकडे पाहून त्यांना धोक्याचा अंदाज येत नाही, असे माझे मत आहे.

‘निरोगी माणसात आपोआप असतात’ हे उत्तर प्रयोगशाळेत पुरते, पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर पुरत नाही, हे मला एका आईने शिकवले. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका रानातल्या गावातून ती आपल्या लेकीला घेऊन आली होती. लेकीला गर्भाशयातल्या गाठीमुळे महिनोन्महिने रक्तस्राव होत होता, हिमोग्लोबिन पाचावर आले होते आणि शस्त्रक्रियेआधी रक्त हवे होते. सोबत एका लहान प्रयोगशाळेची चिठ्ठी होती: ओ पॉझिटिव्ह. ओ गटाच्या पिशव्या आमच्याकडे भरपूर होत्या. मी एक घेतली, जुळली नाही. दुसरी घेतली, तीही नाही. सहा पिशव्या झाल्या, सहाही ३७ अंशांवर कडकडून नाकारल्या गेल्या. तिच्याच पेशी तिच्याच सीरममध्ये घालून पाहिल्या तर त्या मात्र शांत, सुट्या राहिल्या.

लहान प्रयोगशाळेने काय केले होते ते उघड होते. फरशीच्या पांढऱ्या तुकड्यावर निळे अँटी-ए, पिवळे अँटी-बी आणि बिनरंगाचे अँटी-डी यांचा एकेक थेंब, त्यात रक्ताचा थेंब, आणि पहिल्या दोन्हींत पुंजका नाही म्हणून ओ गट. पेशींवरून गट ठरवणे ही तपासणीची अर्धी बाजू झाली. दुसरी बाजू सीरमची: रुग्णाचे सीरम घेऊन त्यात माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी घालायच्या आणि त्याच्यात लँडस्टाइनरच्या नियमाप्रमाणे प्रतिपिंडे आहेत का ते पाहायचे. आम्ही ती मांडली, तेव्हा ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशीही घट्ट चिकटल्या. ओ पेशींची नळी ही बहुतेक ठिकाणी कंटाळा करून वगळली जाणारी नळी आहे, आणि या प्रकरणात सगळे उत्तर तिच्यात होते. मग ओ पेशींवरच्या एच नावाच्या प्रतिजनाला पकडणाऱ्या अँटी-एचचा थेंब घालून पाहिला. जगातल्या बहुतेक कोणत्याही ओ पेशी त्यात चिकटायला हव्यात. तिच्या पेशी ढिम्म राहिल्या.

ए आणि बी ही प्रतिजने एच नावाच्या एका पायाभूत साखळीवर बांधली जातात. त्या साखळीच्या टोकाला एक विशिष्ट शर्करा जोडली की ए, दुसरी जोडली की बी, आणि काहीच जोडले नाही की नुसती एच राहते, म्हणजे ओ गट. एच साखळी स्वतः बांधण्यासाठी वेगळ्या गुणसूत्रावरचे वेगळे जनुक लागते. ते आई आणि वडील या दोघांकडूनही निकामी आले, तर पेशीवर ए, बी, एच यांपैकी काहीच येत नाही आणि नियमानुसार सीरममध्ये तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. यालाच बॉम्बे रक्तगट म्हणतात. मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना तो आढळला आणि इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद केली. भारतात अंदाजे दहा हजारांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. या लोकांतील अँटी-एच शरीराच्या तापमानाला पूर्ण कार्यक्षम असते आणि ओ गटाच्या पेशी ती तशीच फोडते, जशा ओ गटाच्या माणसाच्या अंगात ए गटाच्या पेशी फुटतात. ‘ओ सगळ्यांना चालतो’ हे शिबिरातले वाक्य या माणसांच्या बाबतीत प्राणघातक आहे. एरवीही ते वाक्य पेशींपुरतेच खरे आहे. ओ गटाच्या रक्तद्रवात अँटी-ए आणि अँटी-बी दोन्ही असल्यामुळे, पूर्ण रक्त दिल्यास तोच द्रव ए किंवा बी गटाच्या रुग्णाच्या पेशींवर उलटू शकतो.

मी हे सगळे त्या मुलीच्या आईला शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अक्का, आमच्या पोरीनं आजवर कुणाचं थेंबभर रक्त घेतलं न्हाई. मग हे तिच्या अंगात आलं कुठनं?”

हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पन्नास वर्षे पडला होता. गोवर झाल्याशिवाय किंवा लस घेतल्याशिवाय गोवराविरुद्धची प्रतिपिंडे येत नाहीत. आरएच निगेटिव्ह स्त्रीच्या अंगातही पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध आल्याशिवाय, म्हणजे रक्त चढवल्याशिवाय किंवा गरोदरपणाशिवाय, अँटी-डी तयार होत नाही. मग अँटी-ए आणि अँटी-बी कशाने? नवजात बाळात ती स्वतःची नसतातच. असतात ती आईची, नाळेतून आलेली. तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान बाळाची स्वतःची दिसू लागतात, पाच ते दहा वर्षांच्या वयात सर्वांत तीव्र होतात आणि म्हातारपणी मंदावतात. त्यामुळे तान्ह्या बाळाचा गट आम्ही केवळ पेशींवरून ठरवतो, आणि ऐंशीच्या पुढच्या आजोबांची सीरमची नळी फिकी आली तर गडबडत नाही. बाळाच्या आतड्यात जंतूंची वस्ती होते तोच हा काळ आहे, हे लक्षात घ्यावे. त्या जंतूंच्या आवरणावर ए आणि बी सारख्याच शर्करा असतात. स्प्रिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांच्या पिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: साध्या वातावरणात वाढलेल्या पिलांत मानवी बी पेशींविरुद्धची प्रतिपिंडे वेळेवर आली, आणि पूर्णपणे जंतुरहित पेटीत वाढवलेल्या पिलांत ती आली नाहीत. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ ‘विनाकारण’ असा नाही. शरीराने परक्या साखरा कधीच्याच पाहिलेल्या असतात, फक्त त्या रक्तातून आलेल्या नसतात. ए गटाच्या बाळाने ए सारखी साखर पाहिली तरी ती त्याला आपली वाटते, म्हणून तिच्याविरुद्ध काही तयार होत नाही.

मी त्या आईला सांगितले की हे खाण्यापिण्याबरोबर पोटात गेलेल्या जंतूंमुळे सगळ्यांनाच होते, तुम्हाला आणि मलाही; हिच्या पेशींवर एक साखर कमी आहे, म्हणून हिला एक जास्तीचे झाले आहे. “म्हणजे इख न्हवं,” त्या म्हणाल्या. नव्हे, असे मी म्हणाले.

येथे थोडे विषयांतर करते. अँटी-एचचा जो थेंब मी वापरला तो युरोपात वाढणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून बनतो. ए गटाचे ए-वन आणि ए-टू हे उपप्रकार वेगळे ओळखण्यासाठी आम्ही जे दुसरे द्रव्य वापरतो, ते मात्र हुलग्याच्या बियांचे असते. बाटलीवर त्याचे लॅटिन नाव असते, डॉलिकॉस बायफ्लोरस. ज्या दिवशी मला हे कळले त्या दिवशी घरी हुलग्याचे माडगे होते आणि सासूबाईंना ही माहिती काही फारशी महत्त्वाची वाटली नाही. शेजारच्या कन्नड घरात त्यालाच हुरळी म्हणतात. शिजवल्यावर त्यातले हे द्रव्य निकामी होते.

त्या मुलीच्या आईवडिलांचे लग्न नात्यातले होते, मामाच्या मुलीशी झालेले. आमच्या सीमाभागात मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत ही रीत जुनी आहे, आणि दुर्मीळ निकामी जनुकाच्या दोन प्रती एका मुलात एकत्र येण्याची शक्यता तिच्यामुळे वाढते. आई आणि वडील दोघांकडे एकेक लपलेली प्रत असेल, तर प्रत्येक भावंडात हा गट येण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून सर्व भावंडांना बोलावून घेतले. तिघे आले, आणि धाकट्या भावाच्या पेशी तिच्या सीरममध्ये अगदी सुट्या राहिल्या, तळाची टिकली हलवल्यावर धुरासारखी विरघळली. त्याने तीनशे पन्नास मिलिलिटर रक्त दिले. एकाच पिशवीवर काम भागवायचे असल्यामुळे डॉक्टरांनी गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात आणून आणि लोहाची इंजेक्शने देऊन शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलली होती. ती नीट पार पडली.

आमच्या रजिस्टरात या गटासाठी रकाना नव्हता, म्हणून बाईंनी, माझ्या परीक्षेच्या नळीवाल्या त्याच बाईंनी, निवृत्तीला सहा महिने उरले असताना लाल शाईने समासात तो लिहिला. भाऊ दुधाचा टेम्पो चालवत असे. त्याच्या वाहन परवान्यावर ओ पॉझिटिव्ह छापलेले होते आणि ते बदलून घ्यायला कोणत्या खिडकीवर जावे हे त्याला कोणी सांगू शकले नाही. शेवटी आम्हीच एका कार्डावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दिले की या व्यक्तीला ओ गटाचे रक्त देऊ नये. लिहिताना लक्षात आले की ‘रक्त’ हा शब्द दोन्ही ओळींत तोच आहे, फक्त गटाच्या जागी खाली ‘गुंपु’ आला. त्याने ते कार्ड परवान्याच्याच प्लास्टिकच्या पाकिटात, छापलेला गट झाकला जाईल असे, वरून सरकवले.